आतली हवा

पुढचं डावं

लॉर्ननं व्हॉल्व्हमधली पिन काढली, भोकात बारीक तार घातली आणि ती सावकाश फिरवली. आवाज आला नाही, हवाही आली नाही. तरी तो चाकाशेजारी गुडघे टेकून बसून राहिला, बरा कान रबराला लावून. दुसरा कान तरुणपणीच अशा एका चाकानं नेला होता.

"रिकामं आहे रे," नेस्टर म्हणाला. "कितीतरी वर्षं रिकामंच आहे."

"असं म्हणणाऱ्या दोघांच्या मयतीला मी जाऊन आलोय. एकाच्या तिथं बटाट्याचं सॅलड होतं. चांगलं होतं."

मग त्यानं पाना उचलला.

या चाकाचे दोन अर्धे असतात, ताटावर ताट पालथं घालावं तसे. बाहेरचे नट चाकाला ट्रकशी धरून ठेवतात आणि आतल्या गोलातले नट त्या दोन ताटांना एकमेकांशी. आत हवा असताना आतला नट सोडला, की वरचं ताट सोडणाऱ्याच्या तोंडावर येतं. म्हणून लष्करानं आतले नट लाल रंगवले होते. नेस्टरला ते आवडायचं नाही. ट्रकचा हिरवा रंग नव्यानं मारला तेव्हा नटही हिरवेच करू, एकसारखं दिसेल, असं त्याचं म्हणणं होतं. त्याच्या मुलानं, टारासनं ऐकलं नाही. एक जुना बारीक ब्रश घेऊन तो दुपारभर शेडमध्ये बसला आणि एकेक नट लाल करून उठला.

"पोराचा हात सरळ होता," लॉर्न म्हणाला. "बघ, एक थेंब इकडे तिकडे नाही."

नेस्टर ठोकळ्याकडे बघत होता. ट्रक लाकडी ठोकळ्यांवर उभा होता. बेचाळीस सालचा फौजी, बसक्या नाकाचा, युद्धानंतर नेस्टरच्या बापानं लिलावात घेतलेला. बापानं त्यातून गहू वाहिला, नेस्टरनं वाहिला. मग तो झुडपांच्या रांगेमागे पडून राहिला आणि एका उन्हाळ्यात टारासनं तो ओढून बाहेर काढला. सुट्टी संपून फौजेबरोबर कंदाहारला जाताना म्हणाला, आल्यावर पहिला फेरा मी मारणार, कुणी हात लावायचा नाही.

कुणी लावला नाही.

आता सरकारनं उत्तरेकडच्या एका तळ्याला टारासचं नाव दिलं होतं, लढाईत गेलेल्या इथल्या सगळ्या पोरांचं देतात तसं. पितळी पाटी आली होती. शनिवारी ती तळ्यावर नेऊन बसवायची होती, आणि नेस्टरला ती या ट्रकमधूनच न्यायची होती. शेवटचा रस्ता लाकूडतोड्यांचा, दलदलीचा. ट्रक जाईल की नाही, हे टायरांवर होतं. बायको, एल्सी, येईल की नाही, हे तिनं सांगितलं नव्हतं.

"तळं म्हणजे तो नव्हे," एवढंच ती एकदा म्हणाली होती. भांडी घासताना.

पुढचं उजवं

साडेदहा-सोळा. या मापाचे टायर आता कुणी बनवत नाही. जे आहेत ते कुठंतरी पडलेले आहेत, आणि ते कुठं पडलेत हे माहीत असणं हाच लॉर्नचा धंदा. फौजी गाड्यांच्या क्लबात त्याला बहिरा कुत्रा म्हणत, कारण नीट ऐकू येत नसलं तरी वास येतो.

वसंतापासून तो फिरत होता. युद्धानंतर शेतकऱ्यांनी या चाकांवर गवताच्या गाड्या केल्या, पाण्याच्या टाक्या ठेवल्या, डुकरांच्या पिंजऱ्यांना ती लावली. म्हणून लॉर्न टायर कधी विचारायचाच नाही. कुंपणाशी थांबून गवताबद्दल बोलायचा. मग चालत चालत मागच्या झाडीपर्यंत. टायर दिसला की आधी त्याची सावलीकडची बाजू बघायची. उन्हाकडची सगळेच बघतात, भेगा तिथं असतातच. सावलीकडे अंगठ्याचं नख रुतवायचं. नख सरकलं तर बरं, अडकलं तर टायरला तिथंच झोपू द्यायचं.

शेजारच्या अल्बर्टा प्रांतात एका कोठारात त्याला दोन मिळाले. तिसरा एका म्हातारीच्या अंगणात होता, त्यात पेटुनिया फुलली होती. म्हातारी म्हणाली, फुलं उपटलीस तर मी तुला उपटीन. लॉर्ननं तिला विटांचं गोल आळं बांधून दिलं, फुलं मुळांसकट हलवली आणि टायर आणला. शेडमध्ये टायर उभा केला, तरी त्यातून माती गळत होती.

"हा पुढं उजवीकडे," तो म्हणाला. "फुलांच्या वासाचा आहे. तिथं तू बसणार नाहीस, बायको बसेल."

"येते म्हणाली नाहीये."

"नाही येत असंही म्हणाली नाहीये. माझ्या बायकोनं शेवटी तसं म्हटलं होतं, म्हणून ते कसं ऐकू येतं मला माहीत आहे."

त्यांनी ट्यूबला पावडर लावली, ट्यूब आणि लोखंडाच्या मध्ये रबरी पट्टा बसवला, ताटं मिटली, लाल नट आळीपाळीनं समोरासमोर आवळले. मग चाक आडवं करून साखळीनं बांधलं, ट्रॅक्टरचा पुढचा लोखंडी बकेट वर टेकवला आणि दोघं भिंतीमागे जाऊन लांब नळीनं हवा भरू लागले. टायरची कड लोखंडावर चढताना बंदुकीसारखा आवाज झाला. लॉर्ननं नेस्टरच्या तोंडाकडे पाहिलं, आवाज किती मोठा होता हे त्याला तिथून कळलं.

मागचं उजवं

याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. बसलं.

मागचं डावं

चौथा टायर एका सोडून दिलेल्या शेतावर होता. त्याच्या मधून पॉप्लर उगवला होता आणि मांडीएवढा झाला होता. टायर उभा कापायचा की झाड, असा प्रश्न होता. झाड कापलं. नेस्टरनं खोडावर हात ठेवला होता, करवत चालू होईपर्यंत.

टायर बाहेरून चांगला होता. सावलीत वाढलेला. लॉर्नचं नख सरकलं होतं.

बकेटखाली हवा भरताना तो आधी फुगला, मग एका बाजूनं थोडा जास्त फुगला. लॉर्ननं हवा लगेच बंद केली, पण फुगवटा वाढतच गेला आणि बाजूची कड हातभर फाटली. साखळी उडाली, बकेट दणकून खाली आला. शेडच्या पत्र्यावरून चिमण्या उडाल्या.

बराच वेळ दोघं भिंतीमागेच उभे होते.

"झाडानं आतून ओढून धरला होता," लॉर्न म्हणाला. "बाहेरून काय कळणार."

"दुसरा?"

"दुसरा नाही. असता तर हा आणला असता का?" त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "स्टेपनी आहे की. आत टांगलेली. तिला ऊन लागलेलं नाही."

नेस्टरनं तिकडे पाहिलं नाही. फार वर्षांपूर्वी एकदा त्यानं त्या स्टेपनीला हात घातला होता, तेव्हा एल्सी दारातून म्हणाली होती, ते नको. त्यानं का म्हणून विचारलं नव्हतं. त्या घरात तेव्हा कुणी काही विचारत नव्हतं.

स्टेपनी

आवाज ऐकून एल्सी आलीच होती. हाताला पीठ होतं.

"कुणी मेलं नाही ना?"

"टायर मेला," लॉर्न म्हणाला.

तिनं फाटलेल्या टायरकडे पाहिलं, मग नेस्टर जिकडे बघत नव्हता तिकडे. भिंतीवरच्या खुंटीवर स्टेपनी होती.

"ते नाही."

"एल्सी, परवा शनिवार आहे. दुसरा टायर नाहीये कुठं. या माणसानं अर्धा देश पालथा घातलाय."

"घालू दे." ती लॉर्नकडे वळली, त्याच्या बऱ्या कानाच्या बाजूला जाऊन उभी राहिली. "हवा न काढता ते उघडता येतं?"

"नाही. आधी हवा जाते, मग नट. उलट केलं तर मी जातो."

"मग ते नाही."

नेस्टर ठोकळ्यावर बसला. तिनं हातावरचं पीठ झाडायला सुरुवात केली, पीठ निघून गेलं तरी झाडत राहिली.

"शेवटच्या संध्याकाळी भरलंय टारासनं ते," ती नेस्टरला म्हणाली. "हातपंपानं. कॉम्प्रेसर तुझ्याकडे होता, पलीकडच्या शेतावर. तू कापणीच्या कंबाईनवर होतास. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते, तो पंप कुरकुरतो ना, तसा कुरकुरत होता. दोनदा हाक मारली. कोबीच्या पानातले होलुब्त्सी केले होते, गार होत होते. म्हणाला, आई, एवढं एक."

तिनं स्टेपनीकडे पाहिलं.

"मग आला तो हात न धुताच बसला. काळे हात, आणि पांढरा टेबलक्लॉथ. मी बोलले त्याला त्यावरून. जेवण होईपर्यंत बोलत होते."

नेस्टरनं तिच्याकडे पाहिलं. त्याला हे नवं होतं. त्या रात्री तो शेतावरून आला तेव्हा टेबल आवरलेलं होतं, आणि टेबलक्लॉथ भिजत घातला होता.

लॉर्न उठला आणि स्टेपनीपाशी गेला. हातोड्याच्या दांड्यानं त्यानं टायरवर एकदा मारलं, तळहात ठेवून पुन्हा मारलं.

"हवा आहे," तो म्हणाला. "पण थोडी. ट्यूब झिरपते गं, कितीही चांगली असली तरी. सगळी नसेल उरलेली."

"माहीत आहे मला. मी बर्फ वितळला की दाबून बघते."

लॉर्ननं आतल्या गोलातल्या एकेका नटावर अंगठा फिरवला. लाल रंग कुठंच फुटलेला नव्हता, नटाच्या कोपऱ्यावरही नाही, नटाच्या आणि लोखंडाच्या सांध्यातही नाही. म्हणजे यावर शेवटचा पाना फिरला त्यानंतरच रंग लागला होता, आणि मग कुणाचाच हात लागला नव्हता. तो बराच वेळ त्या नटांशी उभा राहिला. सगळ्या आयुष्यात त्यानं जुनं चाक न उघडता गाडीला लावलं नव्हतं. जे लावायचे त्यांना तो तोंडावर शिव्या द्यायचा.

"नाही उघडत," तो शेवटी म्हणाला. "वरून भरतो. नळीत आधी जास्त दाब घेतो, म्हणजे हवा आत जाईल, बाहेर येणार नाही. सुस्स होईल, पण ते नळीतलं. तुझ्या चाकातलं नाही."

"मिसळेल ना पण."

"मिसळेल."

एल्सीनं विचार केला. "दह्यासारखं," ती म्हणाली. "जुन्यावर नवं."

"तसंच. आणि म्हाताऱ्या, हे क्लबात कुणाला सांगितलंस तर मी बहिरा आहे, मला काही ऐकू आलेलं नाही."

चाक बकेटखाली बांधलं. हवा भरताना एल्सी भिंतीमागे त्या दोघांच्या मध्ये उभी होती. सुस्स झालं तेव्हा तिनं नेस्टरची बाही पकडली.

पुन्हा मागचं डावं

शनिवारी एल्सी बाहेर आली ती कोट घालूनच. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं भांडं घेऊन ती पुढं उजवीकडे बसली. पक्का रस्ता संपला तिथं लॉर्न आपल्या पिकअपमध्ये थांबला, आणि ट्रक दलदलीत उतरला. चारही चाकं फिरली. नेस्टर आरशात पुन्हा पुन्हा मागचं डावं बघत होता.

तळं लहान होतं. पलीकडच्या काठावर तॅमरॅकची झाडं पिवळी पडू लागली होती. मध्येच एक पाणपक्षी बुडी मारून फार लांब वर आला. नेस्टरनं खडकाला भोकं पाडली, झटपट धरणारं सिमेंट कालवलं, पाटी टेकवली आणि सिमेंट धरेपर्यंत दोन्ही हातांनी दाबून ठेवली. हाताखाली टारासचं नाव गार होतं.

तेव्हा त्याला मागून आवाज आला. बारीक, लांब.

त्यानं मान वळवली. एल्सी मागच्या डाव्या चाकापाशी गुडघ्यांवर बसली होती. व्हॉल्व्हची टोपी तिच्या मांडीवर होती, हातात केसातली पिन. तिनं चेहरा चाकाच्या अगदी जवळ नेला होता, चुलीत फुंकणारी बाई नेते तसा, फक्त ती फुंकत नव्हती.

परत जायचंय, एल्सी, असं त्याच्या तोंडाशी आलं. त्यानं तोंड मिटलं. पाटी सोडता येत नव्हती.

ट्रक त्या कोपऱ्याकडे हळूहळू बसत गेला, थकलेलं जनावर मागचा एक पाय आधी मुडपतं तसा. आवाज बारीक झाला, तुटक झाला, थांबला. एल्सी थोडा वेळ तशीच राहिली, आणखी काही येतं का बघत. मग पिन केसात खोवली.

"गेली," ती म्हणाली.

नेस्टरनं पाटीवरचे हात उचलून पाहिले. पाटी हलली नाही. तो ट्रकमागे गेला, फळी टाकली, जॅक लावला, कोपरा उचलला. मग सीटमागून हातपंप काढला, लाकडी मुठीचा. सकाळी निघताना त्यानं तो ठेवला होता. का ठेवतोय हे लॉर्ननं विचारलं नव्हतं.

पंप कुरकुरला. एल्सी खडकावर जाऊन बसली, पाण्याकडे पाठ करून, त्याच्याकडे तोंड करून. भांडं तिनं शेजारी ठेवलं. टॉवेल सोडला नाही.

टायर मोठा होता आणि नेस्टर म्हातारा. तो थांबायचा, कमरेवर हात ठेवून श्वास घ्यायचा, पुन्हा सुरू व्हायचा. सूर्य झाडांवरून सरकला. भांड्यावरच्या टॉवेलातून वाफ येत होती ती यायची थांबली. तिनं एकदाही हाक मारली नाही.

टायरचं पोट जमिनीवरून वर आलं, गोल झालं. त्यानं टोपी घट्ट बसवली, जॅक उतरवला आणि हात धुवायला पाण्याकडे निघाला. हात काळेभोर झाले होते, जुन्या रबरानं आणि पंपाच्या तेलानं.

"राहू देत," एल्सी म्हणाली. "बस तसाच."

तो थांबला. मग येऊन तिच्याशेजारी बसला. तिनं टॉवेल सोडला, झाकण काढलं आणि एक होलुब्त्सी त्याच्या हातावर ठेवला. कोबीच्या पांढुरक्या पानावर त्याच्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला. ती त्या ठशाकडे बघत राहिली, तो खाऊन संपेपर्यंत. मग दुसरा वाढला.