चटका बसला की पाण्यात

घरात तिला सगळे फोरमन म्हणत. लहानपणी बाबांच्या वर्कशॉपमध्ये शिरून, कमरेवर हात ठेवून तिनं "जॉब झाला का?" असं दरडावून विचारलं होतं. तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलंच. वर्कशॉप म्हणजे तरी काय, स्वयंपाकघरामागची खोली. जुना लेथ, खिडकीखाली ग्राइंडर, त्याच्याजवळ पाण्याचा डबा, आणि कितीही झाडलं तरी चपलेला चिकटून पार बिछान्यापर्यंत येणारा लोखंडाचा कीस.

कारखाना बंद पडल्यापासून बाबांचा जीव त्या लेथमध्येच अडकलेला. पण मध्यंतरी त्यांचा अंगठा कापला, आणि फरशीवर रक्त दिसेपर्यंत त्यांना पत्ताच नव्हता. "कामात रमलो होतो गं," ते म्हणाले. आईनं ऐकून घेतलं नाही. "आता एक जरी जखम दिसली, तर हे धूड घराबाहेर! आणि फोरमन, लक्ष ठेवायचं तू."

आज मात्र फोरमनची स्वारी हवेत होती. आज ती स्वतः टूल घासणार होती! हायस्पीड स्टीलचा बोटाएवढा तुकडा चाकावर धरायचा, त्याला धार काढायची, आणि मग तोच तुकडा लेथवर लोखंड सोलणार.

"हातमोजे कुठायत?" तिनं चष्मा चढवला.

"मोजे? मोजा चाकात गेला की मागोमाग पंजा जातो. उघड्या हातानं धरायचं. तापलं की चटका बसतो, चटका बसला की पाण्यात. बोटांनाच कळतं सगळं."

ठिणग्यांची कारंजी उडाली. चटका, पाणी, चुर्र! पुन्हा चाक. तिला वाटलं, आपण जन्मतःच टर्नर आहोत. बाबांनी तुकडा उजेडात धरला.

"टूल केलंस की खोडरबर?"

"पहिलंच आहे हो!"

"सरक. धारेखाली उतार हवा, नाहीतर नुसतं घासत बसतं. बघ आता."

ते घासायला लागले आणि बोलायलाही. उतार किती, टोक कसं, नव्या पोरांना कशी घाई असते. बोलता बोलता तुकड्याचं टोक पिवळं पडलं, मग निळं. बाबा बोलतच होते. डब्यातलं पाणी हललं नव्हतं.

मग वास आला. तेलाचा नव्हे, लोखंडाचाही नव्हे.

"बाबा, पाण्यात घाला!"

"अगं, तापलंय कुठं अजून?"

तिनं तुकडा हिसकावला आणि किंचाळून टाकला. तिचा तळवा लालबुंद झाला. बाबांच्या बोटांची टोकं पांढरीफटक पडली होती, कातडं सुटलं होतं. ते स्वतःच्या हाताकडे असे बघत होते, जणू कुणी तो त्यांच्यापाशी विसरून गेलंय.

गॅसवरचं पातेलं बाबा नुसत्या हातानं उतरवतात, हे शाळेत तिनं केवढ्या ऐटीत सांगितलं होतं!

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"उजवा आधी गेला. मग डावा." त्यांनी आवाज खाली आणला. "डोळ्यांनी बघून चालतंय गं. आईला नको सांगूस."

डोळ्यांनी बघून. अंगठ्याच्या वेळीही ते बघतच होते. फिरत्या लेथपुढचे ते हात तिच्या नजरेसमोर आले.

"कसला गं वास?" आई दारात येऊन थांबली. तिला आधी लेकीचा तळवाच दिसला. "अगं बाई! भाजलीस?"

बाबांनी हात पाठीमागे नेला. केवढं सोपं होतं! हो म्हटलं की झालं. बाबा तिच्याकडे बघत होते, वर्गात ती बाईंकडे बघायची तसे.

"माझं राहू दे," फोरमन म्हणाली. तिचा आवाज फाटला. "बाबांना भाजलेलं कळत नाही, आई. त्यांचे हात बघ."

तिनंच बटण बंद केलं. चाक बराच वेळ आपलं फिरत राहिलं.

"शिफ्ट संपली म्हणायची, फोरमन," बाबा म्हणाले. हसायला गेले, ते जमलं नाही.

तिनं त्यांचा हात धरून डब्यात बुडवला, शेजारी आपलाही. आई स्वयंपाकघरातल्या कपाटात मलम शोधत भांड्यांची आदळआपट करत होती. बाबा पाण्यातल्या बोटांकडे बघत बसले.

"गार आहे का गं पाणी?" त्यांनी विचारलं.