पादचारी जोडणी

मंत्र्यांनी काय बोलावं हे ठरवण्यात साखरोबांची उमेदीची वर्षं गेली. खरं नाव वेगळं, पण मंत्रालयात सगळे साखरोबाच म्हणत, कारण कडूतली कडू बातमी ते अशी घोळवून देत की ऐकणारा वर टाळ्या वाजवी. करवाढीला त्यांनी 'सहभाग' म्हटलं, नोकरभरती थांबली तिला 'विसावा' म्हटलं. दोन मंत्री गेले, साखरोबा टिकले. मग सरकारी खुर्ची सोडून त्यांनी कंपन्यांची बाजू सरकारदरबारी मांडायचं स्वतःचं दुकान थाटलं. काल ज्या दाराच्या आत बसायचे तेच दार आता बाहेरून वाजवायचं, एवढाच काय तो फरक.

पहिलं मोठं गिऱ्हाईक मिळालं ते बसकंपनीचं. टेकडीवरच्या वस्तीत जाणारी दुपारची बस तिला बंद करायची होती, आणि त्यासाठी परिवहन समितीपुढे जाहीर सुनावणी व्हायची होती. आता गंमत बघा, त्याच बसने साखरोबांची आई रोज वर जायची. तिची बहीण, म्हणजे यांची मावशी, अंथरुणाला खिळलेली. दुपारचं जेवण तिला आईच भरवायची. एखाद्याने काम नाकारलं असतं. साखरोबांनी स्वतःचीच समजूत घातली की मी कुठे बस बंद करतोय, मी तर फक्त बोलायला शिकवतो. आईला मात्र या कामाचा सुगावा लागू दिला नाही.

सुनावणीआधी तालीम असते. सल्लागार विरोधक होतो आणि साहेबांना आडवेतिडवे प्रश्न विचारून घाम फोडतो, म्हणजे खऱ्या दिवशी तो फुटत नाही. साखरोबांनी विरोधक म्हणून कोणाला उभं करावं? सख्ख्या आईला! स्वतःच आई होऊन मांडीवर पिशवी घेतली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला आणि आई जेवताना जे जे कुरकुरायची ते एकेक करून कंपनीच्या संचालकांवर सोडलं. सकाळच्या बसने जाऊन दुपारपर्यंत तिथे काय करायचं? गरम डबा निवला तर आजारी माणसाने तो गिळायचा कसा? ऑफिस हसून हसून लोळलं. पण प्रत्येक प्रश्नावर गोड उत्तर तयार झालं, आणि पायथ्याच्या स्टॉपपासून वस्तीपर्यंत जो उभा चढ आहे त्याला साखरोबांनी नाव दिलं, 'पादचारी जोडणी'. संचालक खूश झाले.

सुनावणीला साखरोबा मागच्या रांगेत बसले. सल्लागाराने दिसायचं नसतं, बोलायचं तर त्याहून नसतं. आई काही सभांना जाणारी नव्हे, पण पिशवी सावरत पहिल्या रांगेतून उठली ती तीच. तिचा प्रश्न पुरता व्हायच्या आत संचालकांचं उत्तर हजर. दुसऱ्याचंही तेच. डब्याचा तर तिने विषयही काढला नव्हता, तरी संचालक मायेने म्हणाले की डबा निवेल ही आपली काळजी आम्ही जाणतो, आणि शेवटी पादचारी जोडणी आहेच. आई थबकली. डब्याचं ती एकाच माणसापाशी बोलली होती. तिने मागे वळून रांगा धुंडाळल्या, आणि तो माणूस सापडला.

समितीच्या अध्यक्षबाईंना ती म्हणाली, साहेबांचं सगळं पाठ आहे, आता माझी एकच शंका उरलीय आणि ती त्या मागे बसलेल्या माझ्या मुलाने सोडवावी. अध्यक्षबाईंनी मान डोलावली.

"पादचारी जोडणी म्हणजे काय रे?" आईने विचारलं.

साखरोबा उठले. इतक्या वर्षांत चारचौघांत स्वतःच्या तोंडाने ते कधी बोललेच नव्हते. संचालक डोळे वटारत होते. शब्द पुष्कळ सुचले, सगळे गुळगुळीत, पण आईसमोर एकही बाहेर पडेना. लाज वाटली, चांगलीच वाटली.

"म्हणजे मावशीचा डबा घेऊन तुला रोज तो चढ चालत चढावा लागेल, आई."

अहो, त्यानंतर समितीला विचार करायला राहिलंच काय? बस चालू राहील असं अध्यक्षबाईंनी तिथेच सांगितलं. गिऱ्हाईक अर्थातच हातचं गेलं.

बाहेर बसस्टॉपवर साखरोबांनी घसा साफ केला आणि झाल्या प्रकाराबद्दल काहीतरी छानसं बोलायला सुरुवात केली. आईने हात वर करून थांबवलं.

"मला राग आलाय. घरात तुझ्यापाशी बोललेलं तू बाहेर नेऊन विकलंस."

लांबून बस येताना दिसली तशी तिने पिशवीतला डबा काढून त्यांच्या हातात दिला. अजून गरम होता.

"आज मावशीला तू भरवायचं," ती म्हणाली. "आणि तिला काय सांगायचं ते वाटेत जुळवत बसू नकोस."