सिस्टरचा पूल

“श्वास सोडा बघू. पोट असं आत ओढून किती वेळ उभे राहणार आहात तिथे?” असं म्हणत बायकोने कोटाचं बटण बोटभर पुढे सरकवलं आणि जागेवर टाचणी टोचली.

फौजींनी श्वास सोडला. कोट जेवढा ताणायचा तेवढा ताणला.

साऱ्या वस्तीत त्यांना फौजीच म्हणत. लष्करात त्यांनी उभी हयात ट्रक चालवला होता. बंदूकही चालवली होती, पण ती सरावाच्या मैदानावर, आणि त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर मैदानाला फारशी इजा न करता. उद्या ओढ्यावरच्या पुलाला ‘माजी सैनिक सेतू’ असं नाव मिळणार होतं. माजी सैनिक मंडळाचे अध्यक्ष म्हणून पाटीवरचा पडदा फौजींनीच बाजूला करायचा होता. मंडळात माणसं चार. त्यातल्या एकाला ऐकू येत नसे, त्यामुळे त्याचा कुठल्याच ठरावाला विरोध नसे.

“सिस्टरना सांगितलंत?” बायकोने दोरा दाताने तोडला.

“सांगतो.”

“कधी? पाटी लागल्यावर? आपली लेक कुणाच्या हातात जन्मली? तुमच्या कर्नलच्या?”

बायको आजवर त्यांना पुष्कळ बोलली होती, पण त्यातलं बरंचसं अंगाला लागत नसे. हे लागलं.

पूल नव्हता तेव्हा दवाखाना ओढ्याच्या पलीकडे होता आणि माणसं अलीकडे. दवाखान्यात बाळंतपणं करणाऱ्या सिस्टर सामानाची पिशवी डोक्यावर धरून, दोराच्या आधाराने पाण्यातून यायच्या. फौजींच्या बायकोला कळा सुरू झाल्या तेव्हा ओढा भरून वाहत होता आणि फौजी कुठल्याशा डोंगरातल्या बर्फाळ घाटात ट्रकच्या चाकांना साखळ्या बांधत होते. सिस्टर तशाही आल्या. ओल्या कपड्यांनिशी रात्रभर बसल्या. पुढे एक बाई अलीकडच्याच काठावर गेली, पोटातल्या बाळासकट. त्यानंतर सिस्टर दर सोमवारी इंजिनियरच्या कचेरीत जाऊन बसू लागल्या. भांडल्या नाहीत की रडल्या नाहीत. विणकाम घेऊन बसायच्या. समोर बाई विणत बसली की माणसाला नीट डुलकीही काढता येत नाही. पुलाला सिमेंट किती लागलं ते इंजिनियरला ठाऊक, पण स्वेटर तीन लागले, आणि त्यातला एक त्याच्याच मुलाला झाला.

तेव्हापासून तो सिस्टरचा पूल. कुणी ठरवलं नाही, कुणी लिहिलं नाही. ‘सिस्टरच्या पुलापाशी उतर’, ‘सिस्टरच्या पुलावर वारा छान येतो’, असं लोक म्हणत राहिले, एवढंच.

आणि फौजींनी काय केलं होतं? तसं पाहिलं तर काहीच नाही. नगरपालिकेच्या साहेबांनी मान वर न करता विचारलं होतं, “पुलाला सध्या काही नाव आहे का?”

साहेबाने विचारलं की टाचा जुळवायच्या आणि एका शब्दात उत्तर द्यायचं, हे फौजींच्या हाडात मुरलं होतं. पाटी असेल तर नाव, नसेल तर नाही. शिवाय मंडळ किती वर्षं मागे लागलं होतं. आधी एक चौक कबूल झाला, तो दुसऱ्याला गेला. मग बाग, ती झालीच नाही. एकदा तर कुणीतरी नव्या मुतारीचंही सुचवलं होतं.

“नाही, साहेब,” फौजी म्हणाले होते.

कचेरीच्या पायऱ्या उतरतानाच आपण काय करून बसलो ते त्यांना कळलं होतं. परत वर जाता आलं असतं. गेले नाहीत.

आता कोट बायकोच्या हातात देऊन ते बाहेर पडले ते थेट मंडळातल्या हवालदाराकडे. हवालदार पायरीवर बसून बुटाला पॉलिश करत होता. एकाच बुटाला, कारण दुसऱ्या बाजूला लाकूड होतं.

“मी म्हणतो, अजून थांबवता येईल,” फौजी म्हणाले. “दुसरं काहीतरी मागू.”

“काय मागू? मुतारी?” हवालदार हसला. मग त्याने ब्रश खाली ठेवला. “फौजी, माझा पाय कुठे पुरला ते मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. लाज वाटली. माणसाने स्वतःच्या पायाची चौकशी करायची म्हणजे... पण कुठेतरी एक जागा पाहिजे रे. लेकाला दाखवायला.”

फौजींनी मान हलवली.

तिथून सिस्टरकडे. सिस्टर खिडकीपाशी बसून वाटाणे सोलत होत्या. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, त्यामुळे अर्धे वाटाणे सालांत जात होते.

“ये. तुझ्या पावलांवरून कळतंच, फौजी. दारात काय उभा राहतोस? मी काय सलामी घेणार आहे?”

फौजी बसले. साली चाचपून त्यातले वाटाणे वेचू लागले.

“उद्या पुलावर कार्यक्रम आहे, सिस्टर.”

“कळलं. दूधवाल्याने सांगितलं. तुझ्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं.”

“तुम्ही यायचं. पुढच्या रांगेत खुर्ची ठेवतो.”

“मला पुढे खुर्ची कशाला, तिथलं मला दिसतंय कुठे?” त्या हसल्या. मग सहज विचारावं तसं म्हणाल्या, “त्या लोकांनी विचारलं का रे, आधी काय म्हणतात म्हणून?”

फौजींच्या हातात एक वाटाणा होता. तो वाटीत टाकायचं त्यांना सुचेना.

“विचारलं.”

“मग?”

“पाटी नव्हती ना, सिस्टर.”

“पाटी नव्हती, खरं आहे.” त्यांनी दोनतीन शेंगा सोलल्या. “मला वाटलं, विचारायचंच राहिलं असेल. होतं तसं कधीकधी.” आणि जरा वेळाने, “लेक कशी आहे? पायाळू होती. फार रडवलं होतं तिने मला.”

फौजी म्हणाले, “बरी आहे.”

दुसऱ्या दिवशी पडदा सरकला, टाळ्या झाल्या. हवालदार लेकाच्या खांद्यावर हात ठेवून पाटीकडे बघत राहिला. त्याचा चेहरा पाहून फौजींना आनंद झाला, अगदी खरा. तेच त्यांना जास्त अवघड गेलं. पुढच्या रांगेतली एक खुर्ची रिकामी होती. तिच्यावर कुणीतरी पाण्याची बाटली ठेवली.

पुढे फौजी सिस्टरकडे रोज जाऊ लागले. नळाचा वायसर बदलला, दाराची कडी सैल केली, चांगल्या चालणाऱ्या पंख्यालाही तेल घातलं. सिस्टरनी एकदा विचारलं, “घरी काही काम नसतं का रे तुला?” फौजी म्हणाले, “नसतं.” बायकोने ऐकलं असतं तर लाटणं घेऊन धावली असती.

डोळ्याचं ऑपरेशन झालं. फौजींनी सिस्टरना हाताला धरून रिक्षात बसवलं. रिक्षावाला तरणाबांड होता, नवा.

“कुठे, काका?”

“सिस्टरच्या पुलापलीकडे.”

“कुठला?”

“सिस्टरचा पूल रे. ओढ्यावरचा.”

“असा पूल नाही इकडे, काका.”

फौजींनी तोंड उघडलं. मीटर टिकटिकत होता.

“सैनिक पुलावरून घे, बाळा,” सिस्टर म्हणाल्या. “उतरलं की डावीकडे.”

“मग असं सांगा ना, आजी!” रिक्षा निघाली.

पुलावर चढताना पाटी दिसू नये म्हणून फौजींनी मान वळवली. त्या बाजूला सिस्टर बसल्या होत्या. पट्टी बांधलेला डोळा फौजींच्या बाजूला होता आणि उघड्या डोळ्याने त्या बाहेरचं पाणी बघत होत्या.