वाळवंटी रंगाचा रणगाडा

वर्तमानपत्राच्या परदेश-पानावर फोटोंखालच्या ओळी लिहिणं हे ताईचं काम. ऑफिसात सगळे तिला ताईच म्हणत. मग दोनदा तिने सैनिकांच्या साध्या गाडीला बेधडक 'रणगाडा' म्हटलं आणि तिची रणगाडाताई झाली. कुठे लढाई पेटली आहे याच्याशी वाचकांना देणंघेणं नसतं, पण गाडीचं नाव चुकलं की लगेच पत्रं! संपादकांनी बजावलं, "आणखी एक खुलासा छापायची वेळ आली, तर तुम्ही आणि हवामानाचा चौकोन!"

तेव्हापासून तिने बाबांना वेठीला धरलं. बाबांची उभी हयात लष्कराच्या वर्कशॉपमध्ये, चिलखती गाड्यांच्या पोटात शिरण्यात गेलेली. ती ऑफिसातून मोबाईलवर फोटो पाठवायची आणि मग फोन करायची. पण बाबा सरळ उत्तर देतील तर शपथ.

"आधी तू सांग. पट्टे आहेत की टायर? चाकं किती? बुरूज पुढे आहे की मध्ये? नळी केवढी लांब?"

ती वैतागून सगळं वर्णन करायची, मग ते ऐटीत निकाल द्यायचे, आणि तो कधी चुकायचा नाही. निवृत्त माणसाला मास्तरकीची हौस, असं म्हणून ती सोडून द्यायची.

त्या दुपारी पान छपाईला सोडायची वेळ होत आली होती. तिने घाईघाईत फोटो पाठवला आणि फोन लावला. "बाबा, आज शाळा नको. पटकन सांगा."

पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला. मग बाबा म्हणाले, "रणगाडाच. वाळवंटी रंग दिलाय. तोफ खाली झुकवलीय, म्हणजे मुक्कामाला थांबलाय. छाप बिनधास्त."

तिने तसं लिहिलंही. मग पानावरच्या फोटोकडे पाहिलं, तर चिखलात उभी हिरवीगार गाडी, खाली चांगले जाडजूड टायर. तिने मोबाईल उघडला. बाबांना भलताच फोटो गेला होता. घरासमोर गटार खणणाऱ्या पिवळ्या पोकलेनचा, तिने सकाळी तक्रारीसाठी काढलेला.

"मुक्कामाला थांबलाय!" ती इतकी हसली, की शेजारच्या क्रीडा-वार्ताहराने काळजीने पाण्याचा पेला पुढे केला. फोटोत पोकलेनला टेकून एक माणूस निवांत डबा खात होता. तोही बाबांना दिसला नव्हता.

दिसलाच नव्हता. तिचं हसू जागच्या जागी थांबलं. म्हणजे ते सगळे प्रश्न मास्तरकीचे नव्हतेच. चाकं ती मोजत होती, बाबा नुसते ऐकत होते. रोज एका टेबलावर जेवून आपल्याला हे कळू नये, याचा तिला भयंकर राग आला. तिने स्वतःच टायर मोजले, बुरूज पाहिला, 'सैनिक वाहून नेणारी चिलखती गाडी' असं लिहिलं आणि पान सोडून थेट घर गाठलं.

"छापलास का रणगाडा?" बाबांनी दारातच विचारलं.

"बाबा, तो रणगाडा आपल्या दारात गटार खणतोय."

बाबांनी कानाची पाळी चोळली. "तरीच. तोफेला कोपर कसं, असं मला वाटलंच होतं."

"कधीपासून दिसत नाही तुम्हाला?"

"दिसत नाही कोण म्हणतं? जरा धुरकट आहे." मग आवाज उतरला. "तुला सांगितलं असतं तर तुझे फोन बंद झाले असते. दिवसभरात तेवढाच काय तो वाजतो."

तिला भरून आलं. तरी ती दरडावूनच म्हणाली, "वाजेल की! उद्या निमूट डॉक्टरकडे चलायचं."

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. "आजोबा, वरची ओळ वाचा."

बाबा तिच्याकडे झुकून कुजबुजले, "पहिल्या अक्षराला काना आहे का गं?"

तिने ओठ घट्ट मिटले आणि त्यांचा हात हातात घेतला. बाबांनी डोळे बारीक करून भिंतीकडे पाहिलं.

"नाही दिसत, डॉक्टर," ते शेवटी म्हणाले. "पण चाकं नाहीत, एवढं खात्रीने सांगतो."