खुर्चीवरची लेक

कडुनिंबाचं पान आईच्या प्रेताच्या भुवईवर ठेवलं, तेव्हा ते भुवईपेक्षा जरासं लांब भरलं. त्याची दातेरी कड कानशिलाकडे वळली होती. मग रिवाजाप्रमाणे डोळ्यांवर नखाएवढे आरशाचे तुकडे ठेवले गेले, आणि जेरो सांदातला त्यांत फक्त मांडवाचं पांढरं कापड दिसलं.

ती चार पावलांवर खुर्चीत बसली होती. माहेरचे बाकी सगळे जमिनीवर. बारा वर्षांपूर्वी ती याच घरातली रेन्ती होती, भातशेती करणाऱ्याची मुलगी. पुरोहितांच्या घराण्यात लग्न झालं, वरच्या कुळात आलेल्या सुनेला लावतात ते 'जेरो' हे बिरुद लागलं आणि तिची जेरो सांदात झाली. सख्खे आईबाप तिला अहो-जाहो करू लागले. माहेरच्या नैवेद्याचा घास वर्ज्य झाला. माहेरच्या मृताला हात जोडणं तर नाहीच. वरच्या कुळाने खालच्या कुळातल्या प्रेतापुढे वाकायचं नसतं.

तीन वर्षांपूर्वी बाप गेला तेव्हाही ती अशीच बसून राहिली होती. नवरा जाऊन दोनच महिने झाले होते, लेक सारी सहा वर्षांची होती. सासूने अगदी शांतपणे सांगितलं होतं: हात जोडलेस तर आमचं दार बंद, आणि मुलगी घराण्याची, ती इथेच राहील. पुढच्या वेळी बघू, असं तिने स्वतःला समजावलं होतं.

गेल्या आठवड्यात तापाच्या भरात आई म्हणाली होती, "रेन्ती, पाणी दे गं."

बारा वर्षांत पहिल्यांदा. थोरला भाऊ वायान ओशाळून गेला. तिला शुद्ध नाही, मनावर घेऊ नका, असं म्हणत त्यानेच बहिणीची माफी मागितली. जेरोने आईचं डोकं उचलून पाणी पाजलं; निम्मं उशीवर सांडलं. ताप उतरल्यावर आई पुन्हा 'आपण' म्हणू लागली, ती शेवटपर्यंत.

आता प्रेताची आंघोळ आटोपली होती. भाऊ, भावजय, नातवंडं हातात फुलं घेऊन ओळीने बसली. शेजारची मेन लोतरी जिभेची तिखट. ती पुटपुटली, "जेरोंची खुर्ची मागे घ्या रे. आईची सावली पडायची अंगावर."

कुणी हसलं नाही. सासूने सोबत धाडलेली नणंद, दायू प्रामी, खुर्चीमागे छत्री धरून उभी होती. एवढं झालं की निघू, सारी शाळेतून यायची वेळ झाली, असं तिने वाकून सांगितलं.

नऊ वर्षांच्या मुलीला आईचा चेहरा किती दिवस आठवतो? सकाळी सारीची वेणी घालताना जेरोने हाच विचार केला होता. आणि थोड्याच वेळात तिरडी उचलली जाणार होती.

पुजाऱ्याची घंटा वाजली. सगळे हात कपाळाशी गेले. वायान मागे न बघता म्हणाला, "जेरो, आपण बसूनच राहा. आईला कळतंय सगळं."

ती खुर्चीवरून उतरली आणि मातीत गुडघे टेकून बसली. नणंदेने तिचा खांदा धरला.

"जेरो, सारीचा विचार करा."

"तोच करून बापाच्या वेळी बसून राहिले," ती म्हणाली. "दायू, मी आईला हात जोडणार आहे. तुमच्याकडे परत येत नाही."