लाल पट्टीच्या वर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. बोलण्याची मला सवय नाही. दोराचे काम धरून ठेवण्याचे, आणि जो धरून ठेवतो तो बहुधा गप्पच असतो. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, याचीही मला खात्री वाटत नाही. एखाद्या धीट दोराने ती अधिक चांगली सांगितली असती. पण त्या दिवशी त्या छताला मीच टांगलेला होतो, दुसरे कोणी नव्हते, म्हणून सांगतो.

केळीसारख्या दिसणाऱ्या एका दूरदेशीच्या झाडाच्या वाखापासून, म्हणजे चिवट तंतूंपासून, मी झालो. त्या झाडाची मला आठवण नाही. आठवतो तो अमेरिकेतल्या मिशिगन सरोवराच्या काठचा कारखाना. तिथे लांबच लांब छपराखाली माणसे कमरेला वाख गुंडाळून उलटी चालत आणि चालता चालता सूत काढत. सुताचे पेड झाले, तीन पेड एकमेकांभोवती वळले, आणि मी झालो. लाकूड वाहणाऱ्या एका शिडाच्या जहाजासाठी मला वळले होते. पण त्या जहाजाला मी पुरून उरलो. उरलेला तुकडा काही वर्षे बंदरावरच्या दुकानात पडून होता. मग शाळेने तो विकत घेतला.

शाळा बंदराच्या वरच्या टेकडीवर होती. मुलांची व्यायामशाळा तळमजल्यावर, मोठी आणि उजेडाची. मुलींची सर्वांत वरच्या मजल्यावर, छपराखाली. तिथे पुरुषांनी यायचे नाही, असा दंडक होता. मुली काळ्या लोकरी फुगीर विजारी घालून व्यायाम करत, आणि त्या वेषात त्यांना कोणी पाहणे बरे दिसत नसे.

माझ्या वरच्या टोकाचा फास करून तो तुळईतल्या लोखंडी आकड्यात अडकवला गेला. पहिल्या दिवशी मुली माझ्याकडे घाबरून पाहत होत्या. मी त्यांच्याकडे त्याहून घाबरून पाहत होतो. शिडाचे ओझे मला पेलले असते, पण माणसाचे मूल ही निराळी गोष्ट आहे.

मग मिस गॅरिटी एका स्टुलावर उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझ्याभोवती फ्लॅनेलची एक लाल पट्टी शिवली. उंच माणसाने हात वर केला तर जेमतेम लागेल इतक्या उंचीवर. मिस गॅरिटी म्हणजे मुलींच्या व्यायामाच्या बाई. पट्टीची कल्पना त्यांची नव्हती. शाळेच्या मंडळावरच्या एका डॉक्टरांनी ठरवले होते की मुलींचे हृदय नाजूक असते, उंच चढण्याने ते कायमचे दुखावते. पट्टीच्या वर हात गेला की ती मुलगी व्यायामाच्या वर्गातून कायमची बाहेर.

आता, जिला वर जाता येत नाही ती काय करणार? ती झोके घेणार. मुली लाकडी पेटीवर चढत, मला घट्ट धरत, आणि गाद्यांवरून सूं करून पलीकडे जात. पहिल्या वर्षाच्या लहान मुली तर दोघी दोघी मिळून लोंबकळत. खाली हसणे चाले. वर, माझा फास आकड्यावर घासला जाई. आकड्याला गंज धरला होता.

लोकांनी माझे कौतुक खूप केले. डूगन नावाचा शिपाई दर वर्षी मुली घरी गेल्यावर वर येई, खालून मला दोन हिसके देई आणि म्हणे, "बैल बांधला तरी तुटायचा नाही." शिडी तुळईपर्यंत पोचत नव्हती. पट्टीच्या वर कोणी जातच नाही, तर वरचे बघायचे कशाला, असेही त्याला वाटत असावे. दोष मी देत नाही. खालून मी खरोखरच मजबूत दिसत होतो.

पहिला पेड तुटला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. एका मुलीचा झोका संपला आणि मला वरच्या बाजूला एकदम सैल वाटले, एवढेच. दुसरा पेड पुढच्या हिवाळ्यात झिजून गेला. तेव्हापासून मी कुरकुरू लागलो. मित्रांनो, मला ओरडायचे होते. दोराला ओरडणे म्हणजे कुरकुरणेच.

"आजोबा आज फारच कुरकुरतायत," मुली म्हणत. त्यांनी मला आजोबा हे नाव दिले होते.

"म्हातारपण आहे, कुरकुरणारच," मिस गॅरिटी म्हणत. "चला, पुढची जोडी."

पुढची जोडी येई. प्रत्येक जोडीला मी मनात म्हणे, नको, तू नको. रविवारी शाळा बंद असे तेव्हा मला जरा बरे वाटे, पण संध्याकाळ झाली की सोमवारची भीती सुरू होई.

थेक्ला ब्रांडवोल्ड ही शेवटच्या वर्षाची मुलगी. तिचे वडील बंदरात जहाजे ओढून आणणारी वाफेची होडी चालवत. ती मुलींच्या बास्केटबॉल संघाची कर्णधार होती, आणि येत्या शनिवारी शेजारच्या गावाच्या मुलींशी सामना होता. त्या गावाला आमच्या मुलींनी कधी हरवले नव्हते. शिवाय मुख्याध्यापक पर्किस सर आमच्या व्यायामशाळेवर टपून होते. त्यांना तिथे टंकलेखनाचा वर्ग काढायचा होता. मुलींबद्दल आणखी एक तक्रार आली की जागा गेली, असे त्यांनी मिस गॅरिटींना बजावले होते, आणि ते सगळ्या मुलींना ठाऊक होते.

त्या दिवशी तास संपला. मिस गॅरिटी पर्किस सरांनी बोलावले म्हणून खाली गेल्या. गाद्या गुंडाळायला थेक्ला आणि तिची मैत्रीण ऑलिव्ह मागे राहिल्या.

"आजोबांच्या डोक्यावर काय आहे गं?" ऑलिव्हने विचारले.

"धूळ असेल."

"जा की मग, बघून ये. शनिवारी त्या पोरींना लोळवणार म्हणे, आणि तुळईला हात लावायची छाती नाही."

"छाती आहे. परवानगी नाही."

"हो गं बाई. तुझं ते नाजूक हृदय."

थेक्ला हसली. तळहात विजारीला पुसले आणि माझ्यावर चढली.

मी तिला थांबवू शकत नव्हतो. तिच्या पायांची पकड घट्ट होती, हात भराभर वर येत होते. एक हात लाल पट्टीवर पडला, मग दुसरा पट्टीच्या वर. मला टांगल्यापासून त्या भागाला कोणाचा हात लागला नव्हता. मी जमेल तितका ताठ राहिलो. हललो असतो तर घासलो असतो.

खालचे हसणे थांबले. "थेक्ला, बास. गंमत केली मी. उतर आता."

"आलेच. हात लावते फक्त."

तिने तुळईला हात लावला. मग सहज आकड्याकडे पाहिले.

तिचा श्वास माझ्या तुटलेल्या तंतूंना लागत होता. दोन पेड केसांसारखे पिंजारून लोंबत होते. तिसऱ्यावर ती लटकलेली होती. ती किंचाळली नाही. तिने डोळे मिटले, उघडले, आणि अगदी हळू एक हात खाली घेतला.

मित्रांनो, ते उतरणे मी कधी विसरणार नाही. ती हिसका बसू देत नव्हती. तरी वर एक एक तंतू सुटत होता, आणि तिलाही ते हातात कळत होते. मी एकच गोष्ट करू शकत होतो, ती केली. धरून ठेवले.

पाय जमिनीला लागले तेव्हा तिचे तळहात सोलवटले होते.

"काय गं? चेहरा असा का झालाय?"

"तुटलाय. वर. एकच पेड राहिलाय."

ऑलिव्हने एकदा वर पाहिले, एकदा दाराकडे. "कुणाला बोलू नकोस. कुरकुरतोय म्हणून सांगू, बाई बघतील."

"किती दिवस सांगतोय आपण, कुरकुरतोय म्हणून?"

"अगं, कसं कळलं म्हणून विचारतील. मग तू बाहेर. शनिवार गेला. आणि सरांना ही जागा हवीच आहे."

इतक्यात घंटा झाली आणि पहिल्या वर्षाच्या मुली जिना चढून धावत आल्या. त्यांच्या मागून मिस गॅरिटी, आणि दंडक मोडून पर्किस सर. त्यांच्या हातात मोजपट्टी होती. टंकलेखनाची टेबले किती बसतील ते त्यांना मोजायचे होते.

दोघी लहान मुली पेटीवर चढल्यासुद्धा. त्यांनी माझ्याकडे हात पुढे केले. थेक्लाने मला झटकन मागे ओढले आणि छातीशी धरले.

"ए, आमची पाळी आहे," त्यातली एक म्हणाली.

"थेक्ला, सोड दोर," मिस गॅरिटी म्हणाल्या.

"बाई, तो वरून तुटत आलाय."

"तुला काय माहीत?" हा प्रश्न पर्किस सरांचा होता.

ऑलिव्हने मान खाली घातली.

"मी वर गेले होते, सर."

"किती वर?"

"तुळईपर्यंत."

मिस गॅरिटींचा चेहरा पांढरा पडला. पर्किस सर मात्र शांतपणे पुढे आले, त्यांनी मला दोन्ही हातांनी धरले आणि खाली ओढले. ते वजनदार गृहस्थ होते. मला वाटले, तुटावे, आत्ताच तुटावे. पण तिसरा पेड टिकला. इतकी वर्षे ज्याची भीती बाळगली ते हवे तेव्हा मला जमले नाही.

"उत्तम आहे दोर," सर म्हणाले. "नियम मोडायचा आणि वर गोष्टी रचायच्या. बाई, तास चालू द्या. ब्रांडवोल्ड, तू माझ्याबरोबर खाली चल."

"नाही, सर."

"काय म्हणालीस?"

"मी खाली गेले की त्या झोका घेतील." मी तिच्या छातीशी होतो, तेव्हा ते नाजूक म्हणवले जाणारे हृदय केवढ्याने धडधडत होते ते मला कळत होते. "मला वर्गातून काढा. पण मी हा सोडणार नाही."

मिस गॅरिटींनी तिच्या सोललेल्या तळहातांकडे पाहिले. मग कोपऱ्यातले गोणपाटाचे पोते घेऊन त्यांनी त्यात लाकडी मुद्गल आणि लोखंडी वजने भरली. दोन लहान मुलींचे होईल एवढे ओझे. ते मला बांधले, मुलींना भिंतीपाशी उभे केले.

"थेक्ला, आता सोड."

त्यांनी पोते पेटीवरून ढकलले. एक झोका गेला आणि परत आला. दुसरा गेला, आणि अगदी पलीकडच्या टोकाला मी तुटलो. मुद्गल खोलीभर गडगडत गेले. मी गादीवर पडलो होतो, माझा फास वर आकड्याला लोंबत होता. मघाशी पेटीवर चढलेल्या त्या दोघी भिंतीपाशी एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या.

पर्किस सरांनी पायाशी आलेला एक मुद्गल उचलून पेटीवर ठेवला.

"वर्गात राहा. पण शनिवारी तू खेळणार नाहीस, ब्रांडवोल्ड," ते म्हणाले. "नियम तो नियम."

"हो, सर."

"आणि सर," मिस गॅरिटी म्हणाल्या, "नवा दोर येईल, तो वर दर आठवड्याला कोणी तपासायचा? डूगनची शिडी पोचत नाही."

"कोणी तपासायचा?" सरांनी विचारले.

"जिला चढता येतं तिनं."

सरांनी वर आकड्याकडे पाहिले, मग भिंतीपाशी उभ्या असलेल्या मुलींकडे. "तपासू दे," ते म्हणाले, आणि मोजपट्टी खिशात घालून जिना उतरून गेले.

शनिवारचा सामना आमच्या मुली हरल्या. थेक्ला हातांना पट्ट्या बांधून बाकावर बसली होती, आणि घरी जाताना रडली, असे ऑलिव्ह सांगत होती. टंकलेखनाचा वर्ग त्या वर्षी खालीच भरला.

माझा खालचा भाग अजून चांगला होता. तो कापून, गुंडाळलेल्या गाद्या बांधायला ठेवला. तोच मी. कोपऱ्यातून मला सगळे दिसते. दर सोमवारी एक मुलगी नव्या दोरावरून तुळईपर्यंत जाते, आकडा बघते आणि खाली येऊन सांगते. आधी थेक्ला जात असे, आता दुसऱ्या जातात. चढलेल्या मुलीचे पाय जमिनीला लागेपर्यंत मला अजूनही भीती वाटते. ही भीती कधी जाईल असे वाटत नाही.

मित्रांनो, तुम्हीही कशाला ना कशाला लोंबकळत असाल. झाडाला बांधलेला झोपाळा असेल, विहिरीचा दोर असेल. खालून हिसका देऊन त्याची परीक्षा करू नका. तो वर कुठे अडकवला आहे, तिथे जाऊन कोणी पाहिले आहे का, ते विचारा. मोठी माणसे रागावतील. रागावली तरी विचारा.