मान थोडी खाली

जळगावच्या पिंप्राळ्यात 'मयुरी फोटो अँड व्हिडिओ' अशी पाटी आहे. ती लावणाऱ्या कुंदनची अशी समजूत होती, की दुकानाला बायकोचं नाव दिलं म्हणजे नवऱ्याला आणखी करण्यासारखं काही उरत नाही. जळगावातली किती लग्नं त्याने शूट केली असतील, त्यालाच ठाऊक. नवरीने कुठे बघायचं, कधी लाजायचं, पाठवणीच्या वेळी रुमाल कुठल्या डोळ्याला आधी लावायचा, हे सगळं तो कॅमेऱ्यामागून बोलून सांगायचा आणि त्या बिचाऱ्या मुली ऐकायच्या. बोलल्याने काही बिघडतही नसे. लग्नाच्या व्हिडिओत मूळचा आवाज ठेवतो कोण? वरून गाणं टाकलं की झालं.

धुळ्याच्या जितेंद्रने अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ करून यूट्यूबवर बरं नाव कमावलं होतं. आता त्याला सिनेमा करायचा होता आणि तोही सायकॉलॉजिकल थ्रिलर. केळीवाल्या बागायतदाराची एक सून, वरून गरीब गाय, आणि तिच्या आत दुसरीच एक बाई राहते. आधी घरातल्या वस्तू नाहीशा होतात, मग माणसं. सिनेमाचं नाव 'पिलबाग'. केळीचं झाड घड देऊन संपतं, पण त्याच्याच कंदातून शेजारी पील वर येतं. तशी ही दुसरी पहिलीच्या बुडातून वर येते, असं जितेंद्र हातवारे करून समजावायचा. ठरलेली नटी ऐनवेळी फिरली, आणि कुंदनच्या दुकानात चहा पिता पिता जितेंद्रने मयुरीलाच विचारलं, वहिनी, तुम्ही कराल का? कुंदन हसला. मयुरी हसली नाही, ती हो म्हणाली.

कुंदनने लगेच अट घातली की कॅमेरा त्याचाच. जितेंद्रने मान डोलावली आणि मग हळूच आपलं घोडं पुढे दामटलं. बाई एक असली तरी तिला बघणारे डोळे दोन हवेत, असं त्याचं म्हणणं. पहिलीचे सीन कुंदनभाऊंनी घ्यायचे, ट्रायपॉडवर, उभ्या माणसाच्या उंचीवरून, आणि दर वेळी ती कशाच्या तरी चौकटीत हवी: दार, खिडकी, माजघरातली जाळी. दुसरीचे सीन धुळ्याच्या आवेजने घ्यायचे, कॅमेरा हातात धरून, तिच्या नजरेच्या खालून, चौकट कुठेच नाही. प्रेक्षकाला कळणारसुद्धा नाही, पण आतून अस्वस्थ व्हायला होईल. आवेज म्हणजे नुकतीच मिसरूड फुटलेला रीलवाला, त्याच्याशी आपली काय बरोबरी, असा विचार करून कुंदनने मान्य केलं.

जळगावाबाहेरच्या एका मळ्यातल्या घरात शूटिंग सुरू झालं. संवाद नंतर धुळ्याला डब करायचे होते, माइक आपला नावापुरता वर टांगलेला, त्यामुळे कुंदनच्या तोंडाला कुणी कुलूप लावलं नाही. मयुरी भांडी घासतेय, पाणी भरतेय, देवापुढे बसलीय, आणि ट्रायपॉडमागून याचं चालूच: मान थोडी खाली. हं. पदर सावर. आता हलकं हस. मयुरी सांगितलं तसं करायची. जितेंद्र आरशाला तडा पाडून आण, नळ थेंब थेंब गळता ठेव, असल्या प्रतीकांच्या मागे धावत असे आणि कुंदन सगळ्यांना सांगे की आरसा राहू द्या, माझी फ्रेम बघा. आवेजच्या पाळीला मात्र त्याला बाहेर बसावं लागे, कारण आत जागा कमी होती.

एका रविवारी सगळे धुळ्याला जितेंद्रच्या घरी शूट केलेलं बघायला जमले. आवाज बंदच ठेवला होता. कुंदनचे सीन झाले, छान, स्वच्छ, एकही रेघ वाकडी नाही. मग आवेजचा पहिला सीन आला. मयुरी ओट्यावर बसून केळफूल सोलत होती. एकेक पापुद्रा काढताना तिचे हात थांबले, तिने डोळे वर केले आणि सरळ लेन्समध्ये बघितलं. त्या बघण्यात लाज नव्हती, परवानगी मागणं नव्हतं, थोडी मजा होती आणि थोडी भीती वाटावी असं काहीतरी. लग्न झाल्यापासून या बाईचे हजारो फोटो काढले होते कुंदनने, आणि ही नजर त्याला एकदाही मिळाली नव्हती. त्याच्या छातीत कुणीतरी निखारा ठेवल्यासारखं झालं. जितेंद्र 'वा' म्हणाला तेव्हा कुंदननेही 'वा' म्हटलं.

चहाच्या वेळी त्याने आवेजला बाजूला घेतलं आणि लेन्स कुठली होती ते विचारलं. पोराने सरळपणे सांगितलं. कुंदनने मनातल्या मनात हिशेब केला: त्या लेन्सने चेहरा एवढा भरायचा तर माणूस हातभर अंतरावर गेलेला असणार. मग त्याने विचारलं, तू तिला सांगितलंस तरी काय?

"काहीच नाही, कुंदनभाई. मी थांबलो. भाभींना वाटलं तेव्हा त्यांनी बघितलं."

हे उत्तर कुंदनला सगळ्यात जास्त झोंबलं. परतीच्या एसटीत, एरंडोलच्या स्टँडवर गाडी थांबल्यावर, त्याने खिडकीबाहेर बघत विचारलं की तू कुणाकडे बघत होतीस. मयुरी म्हणाली, कॅमेऱ्याकडे. थोड्या वेळाने म्हणाली, तिथं कुणी बोलत नव्हतं ना, बरं वाटलं. कुंदनने त्याचा अर्थ आपल्या सोयीने, म्हणजे गैरसोयीने, लावला. दोघंच, हातभर अंतर, आणि कुणी बोलत नाही. जळगाव येईपर्यंत त्याने स्वतःला त्या चित्राने भरपूर भाजून घेतलं.

शेवटचा सीन आरशापुढचा होता. पहिली आरशात बघते, आणि आरशातून दुसरी वर बघते. कागदोपत्री तो आवेजचा. कुंदनने त्या दिवशी सकाळीच जाहीर केलं की हा सीन मी घेणार, हातात कॅमेरा धरून घेणार, नाहीतर बायकोला घेऊन घरी चाललो. हे अगदीच हलकं बोलणं होतं आणि ते त्यालाही कळत होतं, पण जळणारा माणूस वजन करून बोलत नाही. जितेंद्रने कपाळाला हात लावला. आवेजने आपली लेन्स काढून त्याच्या हातात दिली.

कुंदन हातभर अंतरावर गेला. मयुरी आरशापुढे बसली होती. तिने नुसतंच आरशात बघितलं, आणि बघतच राहिली. ती नजर काही येईना. थांबायचं, एवढंच करायचं होतं त्याला, पण थांबणं त्याच्या हाताला ठाऊक नव्हतं, तोंडाला तर नव्हतंच.

"मान थोडी खाली," तो पुटपुटला. तिने खाली घेतली. "हं. पदर सावर." तिने सावरला. "डोळे वर. आता हस. हलकं. हस ना."

ती हसली नाही. तिने डोळे वर केले आणि आरशातून, लेन्सला वगळून, थेट त्याच्याकडे बघितलं. ती नजर आली होती, आवेजला मिळाली त्याच्या दुप्पट. कुंदनने फोकस सोडला नाही.

कानावरचे हेडफोन काढत जितेंद्र त्याच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "कुंदनभाऊ, आवाज भारी उना तुमना." आवाज भारी आला म्हणे. कुंदनने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्याला हवं ते मिळालं होतं, आणि ते त्या पोराला मिळालं त्यापेक्षा जास्त होतं. त्या संध्याकाळी तो मयुरीला मेहरूणच्या तलावावर भेळ खायला घेऊन गेला आणि सगळा वेळ त्या शॉटबद्दलच बोलला. पुढे लग्नसराई लागली, डबिंगला मयुरी एकटीच धुळ्याला जाऊन आली.

धुळ्यात एक हॉल घेऊन दुपारी पहिला खेळ ठेवला. कुंदन पुढच्या रांगेत नवी पँट घालून बसला, शेजारी मयुरी. पडद्यावर पहिली बाई दाराच्या चौकटीत उभी राहिली, आणि हॉलभर एका पुरुषाचा आवाज घुमला: मान थोडी खाली. हं. पदर सावर.

कुंदन उडालाच. माणूस पडद्यावर कुठे दिसत नव्हता. ती भांडी घासताना आवाज, देवापुढे बसली तरी आवाज, आता हलकं हस. जिथे जिथे आवाज यायचा, तिथे तिची बोटं आवळली जायची, आणि पुढच्याच सीनमध्ये आवेजचा कॅमेरा खालून वर यायचा, सगळं गप्प व्हायचं, आणि दुसरी बाई मोकळा श्वास घ्यायची. आरशाचा तडा, गळता नळ, जितेंद्रची सगळी प्रतीकं मागे पडली. ही बाई का दुभंगली, ते आंधळ्यालाही कळत होतं. मागच्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या बाई त्या आवाजावर चिडून शेजारणीला म्हणाल्या, "कोन शे हाऊ मेला? घडीभर सुखनं बसू देस नही तिले."

शेवटी आरसा आला. हस ना, म्हणाला आवाज, आणि मयुरीने वर बघितलं. हॉलमध्ये टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. जिला आपण जिंकून आणली असं कुंदन समजत होता, ती नजर हजार माणसांच्या टाळ्यांसकट त्याच्या अंगावर आली. पाट्या सुरू झाल्या. छायाचित्रण: कुंदन, आवेज. आणि खाली वेगळी ओळ, आवाज: कुंदन.

"जितेंद्रने मला सांगितलं नाही," तो अंधारात म्हणाला.

"डबिंगला ऐकलं मी सगळं," मयुरी म्हणाली. "आवाज ते काढणार होते. मीच म्हटलं, राहू द्या. नाहीतर ती अशी का झाली, ते कळणार कसं?"

बाहेर लोकांनी तिला घेरलं. कुणीतरी म्हणालं, नवराबायकोचा फोटो होऊन जाऊ द्या, आणि आवेजने कॅमेरा वर केला. कुंदन तिच्याशेजारी उभा राहिला. आवेज काही बोलला नाही, नुसता थांबला. कुंदनच्या तोंडात शब्द आले, मान थोडी, आणि त्याने ते गिळले. आता कुठे बघायचं, हात कुठे ठेवायचे, हसायचं का, त्याला काहीच सुचेना. इतके दिवस ज्या पोरावर आपण जळत होतो त्याच्याकडे नव्हतंच काही, फक्त गप्प बसणं होतं, आणि ते आपल्याला कधी जमलं नाही, हे त्याला उभ्या उभ्या कळलं.

त्याने बाजूला बघितलं. मयुरी सरळ लेन्समध्ये बघत होती.